विहिरीचे देवरे आणि बाभळीचे देवरे

कॉलेजच्या वेबसाइटवर प्रकाशनांचं पान पहिल्यांदा उघडलं, तेव्हा साऱ्या जगाला असं कळलं की गंगापूर रोडवरच्या या कॉलेजात आजवर जे काही संशोधन झालं, ते पीएच.डी. नावाच्या एकाच गृहस्थानं केलेलं आहे. कांद्याच्या चाळींचं अर्थशास्त्र त्यांचं, द्राक्षावरच्या भुरीचा अभ्यास त्यांचा, ओव्यांमधलं स्त्रीजीवन त्यांचं, आणि मधल्या वेळेत त्यांनी भौतिकशास्त्रातही काही शोध लावले होते. एवढा व्यासंगी माणूस कॉलेजात वावरतो आणि आपण त्याच्याबरोबर कधी चहासुद्धा घेतला नाही, याचं स्टाफरूमला फार वाईट वाटलं.

झालं होतं ते असं. प्रकाशनांचं पान बनवायला एक टूल होतं. रविराज नावाच्या माजी विद्यार्थ्यानं ते इंटरनेटवरून फुकट उतरवून घेतलं होतं. कॉलेज रोडवर त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. टूलला फक्त शोधनिबंधांच्या नोंदी द्यायच्या: लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष. मग ते आपलं आपण त्या लेखकांच्या आडनावांप्रमाणे लावून छान पान तयार करी. पण प्राध्यापकांनी आपली नावं दिली ती लग्नपत्रिकेत देतात तशी. पुढे डॉ., प्रा., सौ. आणि मागे पदव्यांची वरात. टूल बिचारं परदेशी. त्याला वाटलं, शेवटी येतं ते आडनाव.

हा घोटाळा निस्तरला तो ग्रंथपाल छाया जेजुरकर यांनी. सगळ्यांच्या पदव्या त्यांनी आपल्या हातानं उतरवल्या. पदवी काढताना माणसाला होतात तेवढ्या यातना दाढ काढतानाही होत नाहीत. "मॅडम, निदान एम.फिल. तरी राहू द्या," असं म्हणत लोक ग्रंथालयात येऊन बसत. छायाताई त्यांना पाणी देत आणि एम.फिल. काढून टाकत.

छायाताईंना नावं आणि वस्तू जागच्या जागी लागतात. नाही लागली की त्यांना जेवण जात नाही. माहेर मखमलाबादच्या अलीकडचं, झेंडूचं. सासर मखमलाबादच्या पलीकडचं, शेवंतीचं. म्हणजे लग्न करून बाई झेंडूतून शेवंतीत गेली, एवढाच फरक. लहानपणी फुलं निवडताना टपोरी, मध्यम आणि देवाला चालतील अशी, असे तीन ढीग करायची जी सवय लागली, ती पुढे बी.एस्सी. आणि ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतल्यावरही गेली नाही. ब्याण्णव साली त्या कॉलेजात लागल्या, तेव्हा ग्रंथालयाची कार्डं तीन वेगवेगळ्या आकारांत होती. छायाताईंनी ती सगळी नव्यानं केली. त्यांचं अक्षर असं की मुलं पुस्तक न घेता नुसती कार्डं वाचत उभी राहत. पुढे संगणक आला. सगळे म्हणाले, आता बाईंचं कसं होणार. बाईंनी संगणकाकडे पाहिलं आणि त्याचेही तीन ढीग केले.

त्यांना या वाटेला लावलं ते सहादू देवरे सरांनी. सर वनस्पतिशास्त्राचे, मूळचे कळवण तालुक्यातले. दर पावसाळ्यानंतर ते विद्यार्थ्यांना एसटीनं वणीला नेत आणि तिथून सप्तशृंग गडाच्या वाटेनं झुडपं दाखवत चढत. देवीच्या दर्शनाला निघालेले लोक पुढे जाऊन, नारळ फोडून, परत खाली आले तरी सर तिसऱ्या वळणावर एका पानाच्या मागची लव तपासत असत. गडावरच्या औषधी वनस्पतींवर त्यांनी एक शोधनिबंध लिहिला. एकच. त्याला वर्षं लागली, कारण सरांना घाई मान्य नव्हती. एका झुडपाचं नाव नक्की करायला ते तीन पावसाळे थांबले. का, तर ते फुलायला तयार नव्हतं. अखेर ते फुललं आणि शहाण्णव साली निबंध छापून आला. शेवटी आभारात चार विद्यार्थ्यांची नावं होती आणि त्यातलं एक होतं छायाचं. आजवर छापून आलेलं तिचं नाव एवढंच. लग्नपत्रिका सोडली तर.

आता सर निवृत्त होत होते. दोन हजार सहा साल, महिन्याच्या शेवटी निरोपसमारंभ. एक दिवस ते ग्रंथालयात आले, काउंटरशी उभे राहिले आणि बराच वेळ पेपर-पंच हाताळत राहिले.

"छाया, ते पान म्हणतात ते जगात कुठूनही दिसतं का?"

"हो सर."

"निरोपाच्या दिवशी तुझ्या काकूला आणतोय. छत्तीस वर्षं घर तिनं ओढलं, कॉलेज कधी पाहिलं नाही. तिला मी सांगून ठेवलंय की माझं नाव त्या पानावर आहे. आज बघायला गेलो तर नाही."

"असेल सर. मीच भरलंय."

"इतरांचे दहा-दहा, पंधरा-पंधरा आहेत. एखादा इकडेतिकडे झाला तर त्यांना कळायचंही नाही. माझा एकुलता एक आहे गं."

छायाताईंनी पान उघडलं. सरांचा निबंध खरंच नव्हता. आठवड्यापूर्वी त्यांनी तो स्वतः भरला होता, डोळ्यांनी पाहिला होता. त्यांनी पुन्हा भरला. पान ताजं केलं. निबंध दिसला. सर चष्मा सारखा करून तो दोनदा वाचून गेले.

दुसऱ्या दिवशी अर्थशास्त्राचे समाधान देवरे सर आले. हेही कळवणकडचेच, सहादू सरांच्याच गावचे, त्यांच्याच भावकीतले. वयानं बरेच लहान, पण आवाजानं वडीलधारे.

"जेजुरकर मॅडम, माझा शहाण्णवचा कांदा चाळीचा निबंध कुठे गेला?"

"आहे की सर."

"नाही. चौदा होते, तेरा राहिले."

छायाताईंनी पाहिलं. तेराच होते. त्यांनी कांदा चाळ पुन्हा भरली. समाधान सर गेले. तासाभरानं सहादू सर आले, कारण ते आता रोज पान बघायला येत, सकाळी तुळशीला पाणी घालावं तसे. गडावरच्या वनस्पती गायब होत्या.

असं चालू झालं. कांदा आला की वनस्पती जात. वनस्पती आल्या की कांदा जाई. छायाताईंनी रविराजला फोन केला.

"मॅडम, माझ्याकडं तर दोन्ही दिसतायत."

"तू जुनं पान बघतोयस रवी. ताजं कर."

फोनवर कळफलकाची टकटक ऐकू आली. मग, "अरेच्चा. एकच आहे. मॅडम, एकदा बंद करून चालू करून बघा ना."

"काय बंद करू?"

"सगळंच."

सगळंच बंद करून चालू केलं. ग्रंथालयातले पंखेसुद्धा. कांदा आला, वनस्पती गेल्या.

आता दुसऱ्या कुठल्या गावचे दोन प्राध्यापक असते तर म्हणाले असते, मशीन बिघडलं. पण हे दोघे एका गावचे, एका भावकीतले, आणि त्यांची रानं एकमेकांना लागून. मधल्या बांधावर एक बाभूळ. ती बाभूळ कुणाची, यावरून दोघांच्या वडिलांनी हयात घालवली होती. बांध कसा कोरतात हे दोघांनी लहानपणापासून पाहिलेलं: दर नांगरटीला एकच वीत सरकायचं, कुणाला कळत नाही, आणि दहा वर्षांनी शेजाऱ्याची सरी आपली होते. तेव्हा संगणकावर हेच चाललंय, याबद्दल दोघांच्याही मनात तिळमात्र शंका उरली नाही.

ग्रंथालयातच गाठ पडली.

"अण्णा, तुमचा एकच आहे, मान्य. म्हणून माझ्या चौदातला एक ढकलायचा का?" समाधान सर म्हणाले.

"मला माऊस धरता येत नाही रे. मी काय ढकलणार?"

"तुम्हाला येत नाही, तुमच्या विद्यार्थिनीला येतो."

हे छायाताईंच्या समोर. दोघंही प्रमाण मराठीत भांडत होते, विद्यापीठात बोलतात तसं. पण शब्द बाभळीवर गेला आणि प्रमाण मराठी संपली.

"ती बाभूय आमनी शे," सहादू सर म्हणाले.

"कशी काय तुमनी शे?"

वाचनकक्षातली मुलं पुस्तकं मिटून ऐकू लागली. अहिराणीचा असा तास कॉलेजात पूर्वी झाला नव्हता. छायाताईंनी 'शांतता राखा' ची पाटी उचलून दोघांच्या मध्ये ठेवली. पाटीच्या अलीकडे आपला गुरू आणि पलीकडे आपल्यावर आलेला आळ, अशा त्या उभ्या राहिल्या. चौदा वर्षांत त्यांनी कुणाचं कार्ड इकडचं तिकडे केलं नव्हतं. आणि आता खुद्द सरांसाठी केलं असं कॉलेज म्हणणार.

प्रकरण प्राचार्यांकडे गेलं. पुढच्याच आठवड्यात मूल्यांकन समिती येणार होती, आणि प्राचार्य अशा अवस्थेत होते की कुंडीतलं रोप वाकडं दिसलं तरी खुलासा मागत. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि निवाडा दिला.

"शहाण्णव साल काढून टाका."

"सर?" छायाताई म्हणाल्या.

"अख्खं सालच काढा. समितीला अलीकडचं लागतं. वाद शहाण्णवचा आहे ना? मग शहाण्णव नाही, वाद नाही. सोमवारपर्यंत झालं नाही तर मी स्वतः काढतो."

समाधान सरांचे तेरा उरणार होते. सहादू सरांचं काहीच उरणार नव्हतं. जिना उतरताना सर एवढंच म्हणाले, "राहू दे छाया. काकूला सांगतो, लाईट गेली होती."

रविवारी पहाटे छायाताई नेहमीसारख्या सासूबरोबर फुलबाजारात गेल्या. सुट्टीच्या दिवशी हे काम त्यांचं. सासू म्हणजे गोजराबाई. बाजारात त्यांच्या शेवंतीला जेवढा मान, त्याहून थोडी जास्त त्यांच्या तोंडाची भीती. रीत अशी की आसपासच्या गावांची फुलं एकाच टेंपोतून येतात. प्रत्येकीच्या जाळीला, म्हणजे फुलं भरलेल्या क्रेटला, आपापल्या खुणेची चिंधी बांधलेली असते. हमाल चिंधी बघतो आणि जाळी ज्याच्या त्याच्या गाळ्यावर नेऊन ठेवतो. कुणाची हिरवी, कुणाची फुलाफुलांची, कुणाची काठाची. नाव-गाव काही नाही. हमालाला वाचायला वेळ नसतो.

त्या दिवशी गोजराबाईंची जाळी आलीच नाही. शोधता शोधता ती सापडली दरी गावच्या चिमणाबाईच्या गाळ्यावर, चिमणाबाईच्याच जाळीखाली दबलेली.

"चिमणे, माझ्या शेवंतीला पाय फुटले का काय?" गोजराबाईंनी तोंड उघडलं.

"फुटले आसतील. मालकिणीला कटाळून आली आसंल."

"चोराच्या उलट्या बोंबा. लय दिस बघत्येय तुला."

"काय बघती? माझ्या मालाखाली तुझा माल दिसतो तरी का?"

फकिरा हमाल डोक्यावरची चुंबळ काढून मध्ये पडला. "बाया हो, माझं ऐका. ही मोरपंखी चिंधी, अन् ही बी मोरपंखी चिंधी. म्या चिंधी बघतो, तोंड नाय बघत. खूण एक हाय तर माल बी एकाचाच, आसं धरलं अन् एकावर एक ठिवलं. वरचा दिसला, खालचा झाकला. माझं काय चुकलं?"

दोघी चिंध्या तपासू लागल्या. मग उलगडा झाला. दोघी गेल्या महिन्यात एकाच लग्नाला गेल्या होत्या. यजमानानं आहेरासाठी एकाच गठ्ठ्यातल्या मोरपंखी साड्या सगळ्या बायकांना वाटल्या. आणि आहेराची साडी नेसण्यासाठी नसते हे दोघींनाही माहीत असल्यामुळे, दोघींनीही घरी जाऊन ती फाडली होती.

"निदान दोनदा तरी नेसायची चिमणे."

"तू नेसली व्हती?"

दोघी हसायला लागल्या. छायाताई मात्र शेवंतीच्या जाळीवर हात ठेवून जागीच खिळल्या होत्या.

"फकिरामामा, काय म्हणालात? परत सांगा."

"काय? खूण एक हाय तर माल एकाचा."

"आणि वरचा दिसतो, खालचा झाकतो."

"मंग? दुसरं काय व्हनार?"

"आत्याबाई, मी कॉलेजात जाऊन येते."

"रईवारी? अन् ही फुलं कोण इकंल?"

"चिमणामावशी इकतील. एकच चिंधी आहे तुमची."

कॉलेजच्या पहारेकऱ्यानं कुलूप उघडलं. छायाताईंच्या पदराला अजून शेवंतीच्या पाकळ्या होत्या. त्यांनी संगणक लावला आणि नोंदींची फाईल उघडली. प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर एक खूण द्यावी लागे. रविराज तिला 'की' म्हणे. त्यानं शिकवलं होतं, आडनाव, आद्याक्षरं आणि वर्ष जोडायचं, सोपं पडतं. सहादू भिका देवरे, शहाण्णव. समाधान भाऊराव देवरे, शहाण्णव. दोघंही एस. बी. देवरे. दोन्ही जाळ्यांना एकच मोरपंखी चिंधी. टूलला वाटे, माल एकाचाच. मग जो नंतर येई तो वर, आणि आधीचा खाली. फकिरासारखंच. फक्त त्याला विचारायची सोय नव्हती.

त्यांनी एक खूण बदलली. पान ताजं केलं. कांद्याच्या चाळी आणि गडावरच्या वनस्पती, एकाखाली एक, गुण्यागोविंदानं नांदत होत्या. छायाताई खुर्चीत मागे टेकल्या आणि एकट्याच मोठ्यानं म्हणाल्या, "बांध कुणीच कोरला नाही."

इथं थांबल्या असत्या तर त्या छायाताई कसल्या? कॉलेजात देवरे सात होते, बोरसे पाच, आणि आज ना उद्या त्यांच्याही चिंध्या जुळणारच होत्या. त्यांनी सगळ्यांच्या खुणा बदलायला घेतल्या. एकाच आडनावाची माणसं वेगळी कशी ओळखायची, हे ठरवायला कुठल्या परदेशी पंडिताची गरज नव्हती. गावात ओळखतात तशीच. विहिरीजवळचं घर ते विहिरीचे देवरे. बाभळीकडचं रान ते बाभळीचे देवरे. चिंचेचे बोरसे, वेशीचे बोरसे, घाटावरचे बोरसे. दुपारपर्यंत सगळ्या खुणा बांधून झाल्या. मग त्यांनी पान पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की टूल प्रत्येक निबंधाच्या आधी चौकटी कंसात ती खूणही छापतं. आजवर ती नुसती आडनाव-वर्षाची असल्यानं कुणाच्या नजरेत भरली नव्हती.

"ते लपवता येतं मॅडम," रविराज फोनवर म्हणाला. "उद्या येऊन करतो."

उद्या तो आला नाही. त्याच्या क्लासची लाईट गेली होती. परवा समिती आली.

समितीच्या अध्यक्षा कोल्हापूरकडच्या, कडक इस्त्रीच्या बाई. त्यांनी सगळं पाहिलं, प्रयोगशाळा पाहिल्या, कुंड्या पाहिल्या, आणि ग्रंथालयात येऊन प्रकाशनांच्या पानावर थांबल्या. प्राचार्यांना सोमवारी 'वाद मिटला, साल काढायची गरज नाही' एवढाच निरोप मिळाला होता; हे पान त्यांनी बाईंबरोबरच पहिल्यांदा पाहिलं. त्यांचा चेहरा शेवंतीसारखा पिवळा झाला.

"हे काय आहे?" बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "विहीर-देवरे, एकोणीसशे शहाण्णव. बाभूळ-देवरे, एकोणीसशे शहाण्णव. हे कुठल्या पद्धतीत बसतं?"

छायाताई पुढे झाल्या. पण त्यांच्या आधी मागून दोन आवाज एकदम आले. सहादू सर आणि समाधान सर. छायाताईंनी सोमवारीच दोघांना समोरासमोर बसवून मोरपंखी साडीची गोष्ट सांगितली होती.

"मॅडम, आम्ही दोघंही एस. बी. देवरे," समाधान सर म्हणाले.

"दोघंही शहाण्णवचे," सहादू सर म्हणाले.

"मशीन एकालाच ठेवत होतं."

"आम्हाला वाटलं, हा ढकलतोय."

"आणि मला वाटलं, अण्णा ढकलतायत. जेजुरकर मॅडमवर मी उगाच संशय घेतला, हेही लिहून घ्या."

अध्यक्षाबाईंनी चष्मा काढला. प्राचार्यांनी डोळे मिटले.

"माझ्या विभागात नऊ पाटील आहेत," बाई म्हणाल्या. "वर्षभर आमच्या पानावर चारच दिसतायत. मी समजत होते, बाकीचे आळशी आहेत." त्या छायाताईंकडे वळल्या. "तुम्ही हे शोधलंत कसं?"

"फुलबाजारात, मॅडम," छायाताई म्हणाल्या, आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. समितीचा पुढचा कार्यक्रम म्हणजे प्राचार्यांचं भाषण होतं. ते झालं नाही. अध्यक्षाबाई वहीत चिंधीचं चित्र काढून घेत होत्या.

निरोपाच्या दिवशी सहादू सर काकूंना, म्हणजे लंकाबाईंना, घेऊन सकाळीच ग्रंथालयात आले. काकूंनी नवी साडी नेसली होती. आहेराची नव्हे, मुद्दाम घेतलेली. रविराजही आला होता, खुणा लपवायला. छायाताईंनी त्याला जरा थांब म्हटलं आणि पान उघडलं.

"हे बघ," सर म्हणाले. "हे माझं."

लंकाबाईंनी पडद्याकडे निरखून पाहिलं. सगळं इंग्रजीत. "काय लिव्हलंय?"

सरांनी शीर्षक वाचलं, नियतकालिकाचं नाव वाचलं. काकू मान डोलावत होत्या, पाहुण्यांची ओळख करून देताना डोलावतात तशी.

"अन् हे म्होरं, कंसात?"

"ते होय? विहीर-देवरे. म्हणजे विहिरीचे देवरे. छायानं घातलंय, ओळख पटावी म्हणून. आज काढणार आहेत."

लंकाबाई खुर्चीवर सावरून बसल्या. "आपली इहीर?"

"आपलीच."

"तिची माती मी वाह्यलीय," त्या छायाताईंना म्हणाल्या. "नवी नवरी आसताना. हे तवा इथं शिकायला व्हते." मग पुन्हा पडद्याकडे पाहून, "हे जगात कुठून बी दिसतं?"

"कुठूनही, काकू."

"मंग काढू नगा."

सर खिडकीतून बाहेर बघत चष्मा पुसू लागले. छायाताईंनी रविराजकडे पाहिलं. रविराजनं आपली पिशवी उचलली.

दारात समाधान सर हार घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "विहीर राहणार असेल तर बाभूळही राहील," ते म्हणाले. "बाभूळ-देवरे म्हणजे आम्ही, हे आता समितीनंही मान्य केलंय. जगात कुठूनही दिसतं."

सहादू सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "समाधान, ती बाभूय आमनी शे."

हार घालेपर्यंत ते प्रकरण चांगलं रंगलं आणि निरोपसमारंभ अर्धा तास उशिरा सुरू झाला. समारंभात सरांनी भाषण केलं ते तीन वाक्यांचं. त्यातलं एक वाक्य, आपल्या आयुष्यात दोन गोष्टी नीट लागल्या, एक गडावरचं ते झुडूप आणि दुसरी ही छाया, असं होतं. छायाताईंनी ते ऐकलं आणि खाली मान घालून पुढच्या रांगेतल्या खुर्च्या सरळ केल्या. त्या आधीच सरळ होत्या.

खुणा आजही तिथं आहेत. घाटावरच्या बोरशांनी सुरुवातीला कुरकुर केली, पण कन्याकुमारीच्या एका परिषदेत कुणीतरी त्यांना 'घाट-बोरसे का?' असं आदरानं विचारलं, तेव्हापासून ते व्हिजिटिंग कार्डावरही तसंच छापतात.

आणि फुलबाजारात गोजराबाईंचं एकच चालू असतं. चिंधी त्यांनी बदलली. आता सुनेच्या जुन्या जरीकाठाची बांधतात. गिऱ्हाईक शेवंती निवडत असलं की त्या जाळीवर हात ठेवून सांगतात, "ही निस्ती चिंधी नाय, बाई. कालेजचं कंप्युटर बिघडलं व्हतं, मोठमोठे लोक हारले. माझ्या सुनेनं हितं उभं राहून दुरुस्त केलं."

शेजारून चिमणाबाई म्हणतात, "माझ्या चिंधीशिवाय झालं आसतं का?"